चवीची खुर्ची

आमच्या थोरल्या जाऊबाई कॉफीच्या कारखान्यात चव घेतात. भट्टीतून उतरलेल्या प्रत्येक घाण्याची कॉफी त्यांच्यासमोर येते. त्या चमच्याने जोरात भुरका मारतात, तोंडात फिरवतात आणि शेजारच्या तस्तात थुंकतात. घोट गिळायचा नाही, हा त्या कामाचा पहिला नियम. मग त्या "चालेल" म्हणतात किंवा नाक मुरडतात. नाक मुरडलं की भट्टीवाल्याचं तोंड एवढंसं होतं. त्या खुर्चीवर बसून त्यांचे केस पिकले, आणि त्यांच्याइतकी फटकळ बाई मी दुसरी पाहिलेली नाही.

कारखान्याच्या तपासणीत त्यांचं बीपी वाढलेलं निघालं. डॉक्टरीणबाईंनी गोळी सुरू केली, मीठ कमी करायला सांगितलं, कॉफीही बेताने घ्या म्हणाल्या. एवढ्यावर भागलं असतं. पण जाऊबाईंचा मुलगा अतिशहाणा. आई दिवसभर कॉफीत बुडालेली असते, एवढंच त्याला माहीत. तो परस्पर मालकांना जाऊन भेटला, त्यांच्या हातापाया पडला, आणि दुसऱ्याच दिवशी जाऊबाईंची रवानगी माझ्या शेजारी पॅकिंगच्या टेबलावर झाली. आईला विचारायची तसदी त्याने घेतली नाही. माझा पुतण्या आहे, पण त्या दिवशी मला त्याचे कान उपटावेसे वाटले.

पॅकिंगमध्ये तस्त नसतं. इथे कॉफीची मोठी किटली सदा गरम, ज्याला वाटेल त्याने प्यावी. जाऊबाई पिशव्यांची तोंडं बंद करायच्या आणि मग भरभरून कॉफी प्यायच्या. आल्या आल्या, जेवणाआधी, जेवणावर, मध्येच कधीही. मी हात धरला तर म्हणाल्या, "मी आता चवीची बाई नाही. गिळायला मोकळी आहे." रागाने पीत होत्या, आवडीने नाही. आणि राग काढत होत्या तो स्वतःच्याच जिवावर. घरी मुलगा मात्र निर्धास्त, आईची कॉफी सुटली म्हणून.

व्हायचं तेच झालं. एका दुपारी त्यांचं डोकं ठणकायला लागलं, डोळ्यांपुढे अंधारी आली. मी त्यांना धरून दवाखान्यात नेलं. बीपी पाहून डॉक्टरीणबाईंचा चेहराच उतरला. कॉफी किती होते, असं त्यांनी विचारलं. मीच सगळं सांगून टाकलं. डॉक्टरीणबाई चांगल्याच चिडल्या. बीपी एवढं चढलेलं असताना अशी कॉफी ढोसणं म्हणजे जिवाशी खेळ, असं त्यांनी सुनावलं. गोळी बदलली, घरी बसवलं. बीपी उतरल्यावर म्हणाल्या, सकाळी एक लहान कप घ्या, बाकी सगळं बंद. चव घेऊन थुंकण्याला माझी हरकत नाही, पण दर आठवड्याला येऊन बीपी दाखवायचं. जाऊबाईंनी पहिल्यांदाच कुणाचं तरी मुकाट्याने ऐकलं.

जाऊबाईंनी आपली खुर्ची परत मागितली, पण मालक ऐकेनात. मुलाची सही आणा, मग खुर्ची देतो, हेच धरून बसले.

"त्याच्या शाळेच्या कागदांवर मी सह्या केल्या," जाऊबाई म्हणाल्या. "माझ्या कामाला त्याची सही कशाला?"

आणि थेट चवीच्या खोलीत जाऊन खुर्चीवर बसल्या. मीही हातातलं काम टाकून दारात उभी राहिले. काढायचं तर दोघींना काढा, म्हटलं. भट्टीवाल्याने मालकांकडे पाहायचंच टाळलं आणि गुपचूप कप मांडायला घेतले. आयुष्यभर ज्यांची बोलणी खाल्ली, त्यांच्याच बाजूने तो उभा राहिला.

मालकांनीच फोन केला असणार, कारण थोड्या वेळात मुलगा धापा टाकत आला. आई, ऊठ, घरी चल, म्हणाला. तुला काही झालं तर मी काय करू, म्हणाला.

जाऊबाईंनी चमचा खाली ठेवला. आवाज मुळीच चढवला नाही.

"तुझी भीती मला कळते रे. मलाही मरायची हौस नाही, म्हणून तर गोळी घेते. पण भीती तुला आणि शिक्षा मला, हे चालायचं नाही. उद्या काही झालंच, आणि कुणी विचारलं आई कुठे होती, तर कामावर होती म्हणून सांग."

तो बाहेरच्या बाकावर जाऊन बसला आणि रडला. मला वाईट वाटलं, पण त्याची समजूत काढायला मी गेले नाही. आत काम सुरू झालं होतं.