बिनऔषधाची टाकी

प्रयोगशाळेत तिला सगळे चिमटेबाई म्हणत. एकोणीस वर्षं एकच काम. टाकीतला मासा काढायचा, चिरायचा आणि यकृताचा वाटाण्याएवढा तुकडा चिमट्याने उचलून नळीत गोठवायचा. सगळं मिनिटभरात. प्रतिजैविक पोटात गेलं की माशाच्या यकृतातली काही जनुकं जागी होतात आणि औषध मोडून बाहेर काढायचे हुकूम सोडतात. हात जरा रेंगाळला की तुकड्यातले ते हुकूम नासलेच. औषध थांबवल्यावर जनुकं कधी शांत होतात, हे साहेबांना शोधायचं होतं.

त्यासाठी दोन टाक्या होत्या. एकीत औषधाचं खाद्य, दुसरीत तुलनेसाठी साधं. चार महिने खपून तिने ऐंशी तुकडे जमवले आणि निकाल आला तो डोकं फिरवणारा. साध्या टाकीतल्या माशांची जनुकंही टक्क जागी!

"नळ्यांची अदलाबदल केलीस," साहेब म्हणाले. "वय झालं की हात चुकतो. पुढच्या महिन्यापासून बाटल्या धू."

घरी नवरा म्हणाला, "बाटल्या तर बाटल्या. पगार तोच ना?"

"उद्या कोणी म्हणालं, तुम्हाला भाजी चिरता येत नाही, तर?"

"मी चिरतच नाही."

"तेच तर!" ती खेकसली आणि न जेवताच उठली.

दुसऱ्या दिवशी तिने ऐंशीच्या ऐंशी नळ्या पडताळल्या. प्रत्येकीवर तिचंच अक्षर, एकही आकडा इकडचा तिकडे नाही. मग ती तडक टाक्यांवर गेली. तिथले राखणदार सगळ्यांचे मामा.

"मामा, साध्या टाकीत काय घातलंत? खरं सांगा."

"साधंच." मामांनी जाळी उगाच झटकली. "मधे त्यांच्या शेपट्या झडायला लागल्या होत्या गं. शेजारी औषध, आणि यांनी नुसतं बघत बसायचं? घातलं त्यातलंच रोज मूठभर. पंक्तिभेद आपल्याला नाही जमत."

"अहो मामा, पंक्तिभेद करायचा, हाच तर प्रयोग होता!"

"मला कोणी सांगितलं तसं?"

खरंच, कोणीच सांगितलं नव्हतं. तिला त्यांच्यावर धड ओरडताही येईना.

साहेबांनी ऐकून घेतलं. "बरं. सोमवारपासून पुन्हा सुरू कर. मामांना मी समजावतो."

"आणि नळ्या बरोबर होत्या, हे वहीत लिहा."

"त्याची काय गरज?"

"मला आहे."

त्यांनी घड्याळ पाहिलं, पेन शोधलं आणि उभ्याउभ्याच एक ओळ खरडली. चुकलो, असं काही तोंडातून निघालं नाही. तिने ओळ दोनदा वाचली. मग हातमोजे चढवले, शीतपेटी उघडली आणि चार महिन्यांचे ते ऐंशी अचूक तुकडे एकेक करून कचऱ्याच्या पिंपात टाकायला घेतले.