पाकिटावरचा वाडगा

सुरुवातीलाच माफी मागतो. सुजाताताईंवर लिहिण्याचा पहिला हक्क माझा नाही. त्यांच्या दोन मुली आहेत, वाड्यावाड्यांतून वीस वर्षं त्यांच्यासोबत पायपीट केलेल्या बाया आहेत. मी रत्नागिरीच्या कॉलेजात बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे, आमच्या घरातला दहावीच्या पुढे गेलेला पहिलाच. अर्ज आणि प्रॅक्टिकलच्या वह्या सोडल्या तर कधी काही लिहिलेलं नाही. पण मागच्या आठवड्यात एक पत्र आलं आणि तेव्हापासून स्वस्थ बसवत नाही. म्हणून लिहितो आहे. चुकेल ते माझं समजावं.

ताई गेल्याची बातमी आली तेव्हा मी एसटीत होतो, भाट्याच्या पुलावर. आमच्या सर्वेक्षणाच्या ग्रुपवर त्यांचा फोटो आला, खाली भावपूर्ण श्रद्धांजली. फोटो ओळखपत्रावरचा होता, त्यामुळे क्षणभर वाटलं, नवीन ओळखपत्रं आली असतील. मग खाली एकामागून एक हात जोडलेले दिसू लागले. पंधरा-वीस हातांनंतर कुणीतरी लिहिलं होतं, 'उरलेले फॉर्म उद्या दहा वाजेपर्यंत अपलोड करावेत.' त्या वाक्याचा मला अजून राग येतो. ज्याने लिहिलं त्याचा नाही... त्यालाही वरून कुणीतरी विचारत असणारच.

सुजाताताई आमच्या शेजारच्या गावातल्या बौद्धवाडीत राहायच्या. नवरा मुंबईला नोकरीला, मुलींची लग्नं झालेली. बायकांच्या अंगात रक्त का कमी असतं आणि लोहाच्या गोळ्यांनी ते किती भरून निघतं, याचा अभ्यास आमच्या भागात चालू होता. बाहेरची एक संस्था तो करत होती. ताई त्यात माहिती गोळा करायच्या. सुट्टीत मीही त्याच कामाला लागलो आणि आमच्या तीन वाड्या आम्हा दोघांकडे आल्या. कमरेला खोचलेला पदर, पायात प्लास्टिकच्या चपला, खांद्याला कापडी पिशवी. चालायच्या इतक्या भरभर की मला मागून धावावं लागायचं. "अरे संकेत, कॉलेजात चालायला शिकवत नाय काय?" असं मागे न बघताच विचारायच्या.

फॉर्म मोठा होता. 'काल दिवसभरात काय काय खाल्लं?' असा प्रश्न, खाली चौकटी... सकाळचा नाश्ता, दुपारचं जेवण, संध्याकाळचं खाणं, रात्रीचं जेवण. शेवटी पेयं : चहा, कॉफी, दूध, सरबत. पहिल्याच दिवशी मी आमच्या घरचा फॉर्म भरला. प्रशिक्षणात सांगितल्याप्रमाणे चेहरा सरळ ठेवून आईला विचारलं, "सकाळी नाश्त्याला काय घेतलं?" आई हसायलाच लागली. "नाश्ता? आमी काय शेरातली मानसा?" मी 'करत नाही' या चौकटीत नीट खूण केली आणि पुढच्या प्रश्नाकडे वळलो.

संध्याकाळी ताई माझे फॉर्म तपासत होत्या. आईच्या फॉर्मवर थांबल्या.

"तुझी आई सकाळी उपाशी शेतात जाते?"

"नाही ताई. पेज पिऊन जाते."

"मग हितं काय लिवलंस?"

"पेज... खात नाहीत ना. पितात. आणि पेयांत पेज नाहीये."

"आणि तोंडी काय लावते?"

"सुकं असतं, नाहीतर लोणच्याची फोड."

"ते कुठल्या चौकटीत गेलं?"

मी म्हटलं, तोंडी लावणं म्हणजे काही खाणं नव्हे. ताईंनी फॉर्म माझ्याकडे परत सरकवला. "चांगला शिकलास हां," एवढंच म्हणाल्या. मला आजही ते वाक्य आठवलं की मान खाली जाते, कारण तो फॉर्म भरण्याआधी मी स्वतः तीच पेज प्यालो होतो. दोन वाडगे, सुक्या बांगड्याच्या तुकड्याबरोबर. ज्या घरात वाढलो त्या घरचं दहा वाजताचं खाणं मी स्वतःच्या हाताने कागदावरून पुसून टाकलं, आणि तेही सुवाच्य अक्षरात.

ही नुसत्या शब्दाची गंमत असती तर मी इथे लिहिलंही नसतं. पुढे गोळ्या आल्या. पाकिटावर छापलेलं होतं, 'नाश्त्यानंतर एक गोळी.' महिन्याने आम्ही गोळ्या मोजायला गेलो, तर पार्वतीकाकीने बिस्किटाच्या डब्यातून सगळीच्या सगळी पाकिटं काढून आमच्यासमोर ठेवली. एकही फोडलेलं नव्हतं. मी चिडलो. काकी शांतपणे म्हणाली, "नाश्त्यावर घ्याची असं तुमीच बोललात ना? माज्याकडं नाश्ता व्हतच नाय. बिननाश्त्याची घेतली नि काय झालं म्हंजे?" दुसऱ्या घरी तेच, तिसऱ्या घरी तेच. माझ्या आईच्या डब्यातही तेच. या बायका गोळ्या टाळत नव्हत्या. आम्ही सांगितलं होतं ते त्या अक्षरशः पाळत होत्या. आणि फॉर्मवर त्यांच्यासाठी एकच चौकट होती, 'सहकार्य नाही'.

ताईंनी तिथल्या तिथे पार्वतीकाकीच्या अंगणातून, अभ्यास चालवणाऱ्या डॉक्टर मॅडमना फोन लावला. मॅडम वाईट नव्हत्या, हे मला सांगायला हवं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, अभ्यास सुरू झाल्यावर शब्द मध्येच बदलता येत नाहीत. सगळ्या गावांत एकच सूचना गेली पाहिजे, नाहीतर तुलना कशाची करायची? मला कॉलेजात संख्याशास्त्र आहे, त्यामुळे त्यांचं म्हणणं मला कळत होतं. आणि कळत होतं म्हणूनच जास्त वैताग येत होता. चूक कुणाचीच नव्हती आणि गोळ्या डब्यातच राहणार होत्या. ताईंनी फोन पिशवीत टाकला आणि पार्वतीकाकीला म्हणाल्या, "बग गो, माझं नाव सुजाता. त्या सुजातेने बुद्धाला खीर नेली, मी पेज घेऊन फिरते. फरक एवढाच, तिचा वाडगा कुणीतरी घेतला."

दुसऱ्या दिवशी त्यांनी काळा मार्कर आणला. प्रत्येक पाकिटावर, छापील ओळीच्या बाजूला, एक वाडगा काढला. वर वाफेच्या तीन वाकड्या रेघा. बस, एवढंच. बायकांनी तो बघितला मात्र, एकदम उजेड पडल्यासारख्या बोलायला लागल्या. "ही पेजंवर घ्याची व्हय! मंग आदी नाय सांगाचं?" तिन्ही वाड्यांत मिळून किती वाडगे त्यांनी काढले असतील कोण जाणे. माझे वाडगे बशीसारखे व्हायचे. "राहू दे," ताई म्हणायच्या, "तुझ्या वाडग्यातून पेज सांडंल." पुढच्या महिन्यात पाकिटं रिकामी मिळू लागली.

मग देखरेखीचे साहेब आले. पाकीट उलटसुलट करून बघितलं आणि म्हणाले, "पाकिटावर काही लिहायचं नाही, हे प्रशिक्षणात सांगितलं होतं."

"लिवलंय कुटं, सर?" ताई म्हणाल्या. "काढलंय."

साहेबांनाही हसू आलं. पण त्यांनी वहीत काहीतरी टिपून घेतलं ते घेतलंच.

त्यानंतर ताईंनी संस्थेला दोन पानी पत्र लिहिलं. पेज काय असते, ती किती वाजता पितात, तोंडी काय लावतात, गोळ्या का पडून राहिल्या आणि मग का घेतल्या गेल्या, सगळं. पुढच्या वेळी फॉर्ममध्ये पेजेला जागा द्या आणि पाकिटावर नाश्त्याशेजारी पेजही छापा, एवढीच मागणी. खाली त्यांनी '१' असं लिहून सही केली होती. त्याखाली '२' लिहून जागा सोडली होती. ती माझ्यासाठी होती. मी म्हटलं, वाचून सांगतो. चार दिवस ते पत्र माझ्या बॅगेत होतं. मला त्या संस्थेचं अनुभवाचं प्रमाणपत्र हवं होतं, पुढच्या प्रवेशासाठी. साहेबांनी वहीत काय टिपलं असेल ते सारखं डोळ्यांपुढे येत होतं... पाचव्या दिवशी मी सही न करताच पत्र परत दिलं. काय कारण सांगितलं ते आता आठवतही नाही. ताई म्हणाल्या, "राहू दे रे. तुझं आत्ता कुटं सुरू होतंय." त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. पत्र त्यांनी एकटीच्या सहीनं पाठवलं. उत्तर आलं नाही.

बायकांची शेवटची रक्ततपासणी झाली. लावणी सुरू झाली तरी ताई राहिलेल्या घरांना चिखलातून फिरत होत्या. ताप आला तो त्यांनी अंगावर काढला. दुसऱ्यांना आजार विचारत फिरणाऱ्या बाईने स्वतःचा ताप कुणाला सांगितला नाही. चौथ्या दिवशी मुलीने दवाखान्यात नेलं तोवर लेप्टोच्या तापाने मूत्रपिंडं धरली होती.

पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला मी आईला घेऊन गेलो. तिन्ही वाड्यांतल्या बाया आल्या होत्या, कामं टाकून. थोरल्या मुलीने ताईंची कापडी पिशवी माझ्यासमोर ठेवली. "कामाचे कागद आहेत. तुम्हालाच कळतील," म्हणाली. आत मार्कर होता, सुकलेला. कोरे फॉर्म होते. आणि त्या पत्राची दुसरी प्रत होती, ताईंच्या हातची. एक नंबरला सही, दोन नंबरची जागा तशीच मोकळी. वरची तारीख मी नकार दिल्यानंतरची होती. तरी त्यांनी दोन हा आकडा घातला होता.

मी तिथेच सही केली. ताई वारल्या आहेत, पत्र पूर्वीचंच आहे आणि माझी सही उशिरा होत आहे, असं खाली लिहून दुसऱ्या दिवशी पोस्टाने पाठवलं.

मागच्या आठवड्यात उत्तर आलं. सुजाताताईंच्या निधनाबद्दल दुःख व्यक्त केलं होतं, त्यांच्या सेवेबद्दल आभार मानले होते. मग एक परिच्छेद. आपल्या तीन वाड्यांमध्ये गोळ्या घेण्याचं प्रमाण आणि रक्तातली वाढ इतर गावांशी जुळत नाही. तसंच तिथल्या पाकिटांवर अनधिकृत खुणा आढळल्या आहेत. सबब या वाड्यांची माहिती अंतिम विश्लेषणातून वगळण्यात आली आहे. त्यामुळे आपण उपस्थित केलेला मुद्दा आता उद्भवत नाही.

मी ते आईला वाचून दाखवलं. दहाचा सुमार होता, ती पेज प्यायला बसली होती. पाटाशेजारी गोळ्यांचं शेवटचं पाकीट होतं, त्यावरच्या वाडग्याची वाफ बोटांनी पुसट झालेली. तिला काही कळलं नाही. "म्हंजे काय?" म्हणाली.

"म्हणजे तुमचं रक्त वाढलं, ते त्यांनी धरलं नाही."

"का?"

"बाकीच्या गावांतल्या बायकांचं वाढलं नाही म्हणून."

आईने गोळी तोंडात टाकली, वर पेजेचा घोट घेतला आणि वाडगा खाली ठेवला.

"मंग त्यांना पन वाडगा काढून द्याचा व्हता," ती म्हणाली.