लाल नळकांड्याच्या गळ्यातला हार

गॅसवर तेलाची कढई चढली की मला बसवत नाही. उठतो, ओट्यापर्यंत जातो, परत येतो, पुन्हा जातो. थोरली बहीण, आमची अक्का, वैतागते.

"आरं, चकल्या तळायच्यात हितं, बाळंतपण न्हाय! बस की गप!"

कसा बसू? मागच्या वर्षी खंडेनवमीला अक्का कोडोलीहून आमच्याकडे राहायला आली. तिच्या घरी त्या दिवशी विळ्या-कोयत्यापासून ट्रॅक्टरपर्यंत सगळ्यांची पूजा. आमच्या फ्लॅटात पुजायला काय, तर मोटारसायकल आणि मिक्सर. अक्काचं काही समाधान होईना. पूजेचं ताट घेऊन ती जिन्यात आली आणि भिंतीवरचं आग विझवायचं लाल नळकांडं तिला दिसलं.

"हे काय करतंय?"

"आग लागली की पिन उपसायची, दांडा दाबायचा."

"मग हत्यारच की हे!"

हळद-कुंकू झालं, अक्षता झाल्या, झेंडूचा हार झाला. हार घसरू नये म्हणून अक्कानं दांडा आणि पिन मिळून तारेचे घट्ट वेढे मारले. नळकांडं नवरदेवासारखं दिसायला लागलं. मी टाळ्या वाजवल्या.

दिवाळीच्या तोंडावर अक्का चकल्या तळत होती. सुनेचा फोन आला. कढई तशीच ठेवून ती गॅलरीत गेली आणि सासू-सुनेच्या गप्पा रंगल्या. तेल आधी धुरकटलं, मग भप्पकन पेटलं. अक्का धावत आली आणि तिनं पाण्याचा तांब्या उचलला.

"पाणी नको! भडका उडंल!" मी ओरडलो आणि जिन्याकडे पळालो.

नळकांडं काढलं. पिन ओढतोय, येईना. तार सोडवतोय, सुटेना. वाळका झेंडू नाकातोंडात. आतून अक्काची हाक, "आरं नाटक्या, यं की लवकर!"

नळकांडं बगलेत मारून मी आत शिरलो. अक्का तांब्या धरून खिळल्यासारखी उभी होती आणि तिचा सुटलेला पदर ज्वाळेपासून हातभर अंतरावर हलत होता. मी नळकांडं टाकलं, तिला मागं ओढलं. गॅसचं बटण फिरवलं. कणकेची कोरडी परात ढालीसारखी पुढं धरली आणि कढईवर सरकवली. आत आग घुसमटली आणि विझली. कढई पार गार होईपर्यंत मी ती परात कुणाला उचलू दिली नाही.

अक्का जमिनीवरच बसली. म्हणाली, "म्हंजे माझी पूजा पावली न्हाय?"

"पूजा पावली, अक्का. तार नडली."

यंदाच्या खंडेनवमीला तिनं हार नळकांड्याखाली जमिनीवर ठेवला. कुंकू लावायच्या आधी पिनेभोवती काही अडकलं नाही ना, ते वाकून बघितलं. मग ताट घेऊन तडक स्वयंपाकघरात गेली आणि परातीलाही कुंकू लावलं.

आज पुन्हा चकल्या आहेत. अक्काचा पदर कमरेला खोचलेला आहे, परात ओट्यावर हाताशी आहे, तिचा फोन माझ्या खिशात आहे. आणि तो वाजतोय.

"वाजू दे," अक्का म्हणते, "कढई उतरल्याबिगर मी हलत न्हाय. तू तेवढा बस."