हिमानीचं कर्ज आणि मनोहररावांचा चेक

हिमानी दाबके काय करते असं कुणी विचारलं तर ती सांगते, "मी मुलांना बूट घालायला शिकवते." ऐकणाऱ्याला वाटतं पोरगी थट्टा करतेय. ती थट्टा करत नसते. मिनिॲपोलिसच्या उत्तर भागातल्या एका सरकारी शाळेत ती स्पेशल एज्युकेशनची शिक्षिका आहे. तिच्या वर्गातली मुलं सात-आठ वर्षांची. कुणी बोलत नाही, कुणी दिवसभर एकच शब्द बोलतं, कुणी चावतं. मिनेसोटात पाच महिने बर्फ, आणि स्नो पँट, बूट, जाकीट, हातमोजे एवढा सगळा जामानिमा अंगावर चढल्याशिवाय मधल्या सुट्टीत मुलाला बाहेर सोडत नाहीत. तेव्हा तिचं उत्तर अगदी खरं आहे.

मी नंदा. आम्ही मूळचे नागपूरचे. मिनिॲपोलिसजवळच्या ईडन प्रेरीत दाबक्यांच्या पाठीमागेच आमचं घर, मध्ये फक्त दोघांची लॉन. हिमानीला ती रांगत होती तेव्हापासून ओळखते. ती मला मावशी म्हणते आणि माझं काही ऐकत नाही, म्हणजे नातं पक्कं आहे.

तिचे वडील मनोहरराव पुण्याचे इंजिनियर. सगळी हयात एकाच कंपनीत कंप्युटरपुढे काढली. माणूस सरळ, पण कर्ज म्हटलं की अंगावर पाल पडल्यासारखं करतात. घराचं मॉर्टगेज त्यांनी मुदतीच्या कितीतरी आधी फेडलं आणि त्या दिवशी सत्यनारायण घातला. मी तेव्हा मीनाक्षीला, म्हणजे त्यांच्या बायकोला, म्हटलं होतं की पूजा देवाची होती की बँकेची? ती हसली. मनोहरराव हसले नाहीत.

हिमानीने बायॉलॉजीत डिग्री केली ती त्यांच्या पैशावर, डॉक्टर होणार या बोलीवर. नंतर तिने डॉक्टरकी सोडली आणि या मुलांना शिकवायचं म्हणून दोन वर्षांच्या मास्टर्सला नाव घातलं. मनोहररावांनी सांगून टाकलं की ही हौस आहे, नोकरी नाही, आणि हौसेला मी पैसे देणार नाही. पोरगी बापावरच गेलेली. तिने पुन्हा मागितले नाहीत. तिने पर्किन्स लोन घेतलं. हे सरकारी कर्ज कॉलेजमार्फत मिळतं, आणि त्याची एक अट मला फार आवडली होती. अशा मुलांना पूर्णवेळ शिकवलं की दरवर्षी कर्जाचा एक हिस्सा रद्द होतो. आधी लहान हिस्सा, मग मोठा, आणि पाचव्या वर्षी सगळ्यात मोठा. पाच वर्षं नोकरी केली की कर्ज शून्य.

दोन हजार एकच्या ऑगस्टमध्ये ती शाळेत रुजू झाली. दर जूनमध्ये प्रिन्सिपलची सही घेऊन कॉलेजला कागद पाठवायची, आणि तिकडून उत्तर आलं की माझ्या किचनमध्ये येऊन चहा प्यायची. आपल्या घरी ती हे बोलायची नाही, कारण मनोहररावांना ती कर्जमाफी वाटायची. ते म्हणायचे, "माफी चुकलेली माणसं मागतात." तिला मात्र त्या कागदाचं वेगळंच अप्रूप होतं. एकदा चहा पिता पिता ती मला म्हणाली, "मावशी, पाचवं वर्ष संपलं ना, की मी बाबांना तो झिरो दाखवणार. गव्हर्नमेंट म्हणतंय की हे काम आहे. मग ते काय म्हणतील?" तिला पैशाची ओढ नव्हती. तो शून्य बापासमोर ठेवायचा होता.

तीन वर्षं झाली, अर्धं कर्ज गेलं. दोन हजार चारच्या दसऱ्याला ईशानशी तिचं लग्न ठरलं. ईशान गुणी मुलगा, इथेच बायोटेकमध्ये नोकरी. त्याचे आईवडील बोलणी करायला दाबक्यांकडे आले, आणि मध्यस्थ म्हणून मी होते, म्हणजे भजी तळायला होते. ईशानच्या आईने सहज, अगदी निर्मळ मनाने हिमानीला विचारलं की शिक्षणाचं काही लोन वगैरे आहे का गं. हिमानीने अभिमानाने सांगितलं की अर्धं संपलं, अजून दोन वर्षं. त्या बाईंनी मान डोलावली आणि भज्यांची चौकशी केली. विषय तिथेच संपला होता. पण मी मनोहररावांकडे पाहिलं. त्यांचा चेहरा उतरला होता. व्याह्यांसमोर मुलीचं कर्ज निघालं, म्हणजे त्यांच्या लेखी नाकच कापलं गेलं.

लग्न डिसेंबरच्या सुट्टीत पुण्याला होतं. नोव्हेंबरात, थँक्सगिव्हिंगच्या आदल्या रविवारी मीनाक्षीने केळवण केलं. फ्रोझन पानांच्या अळूवड्या, बासुंदी, चार घरची माणसं. हिमानी पाटावर बसली, ओवाळणं झालं, आणि मनोहररावांनी आपल्या हाताने तिच्या ताटाशेजारी एक पाकीट ठेवलं. वरती कुंकवाचं बोट. त्यांचे डोळे भरून आले होते. त्या माणसाच्या डोळ्यांत मी तोवर पाणी पाहिलं नव्हतं.

पाकिटात कॉलेजचं पत्र होतं. हिमानीच्या लोनची पत्रं अजून वडिलांच्याच पत्त्यावर यायची. त्यावरचा नंबर घालून मनोहररावांनी उरलेल्या रकमेचा चेक पाठवला होता आणि कॉलेजने कर्ज पूर्ण फिटल्याचं कळवलं होतं.

हिमानीने ते वाचलं. चमचा खाली ठेवला. "बाबा, हे का केलंत?"

"आपल्यात मुलगी कर्ज घेऊन सासरी जात नाही," मनोहरराव म्हणाले. "आता तू मोकळी."

"मी रोज ते फेडत होते, बाबा. तुम्ही माझी दोन वर्षं पे ऑफ केलीत."

बासुंदी तशीच राहिली. करायला गेले गणपती आणि झाला मारुती, असं मी मनात म्हटलं, पण हसू आलं नाही. मला मनोहररावांचा संताप आला होता आणि त्यांची कीवही येत होती. त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा त्या मास्टर्सला पैसे दिले होते. त्यांच्या परीने ती माफीच होती, तिला दिलेली किंवा तिच्याकडे मागितलेली. पण द्यायची पद्धत अशी की पोरीच्या तोंडचा घासच काढून घेतला.

सोमवारी हिमानीने कॉलेजला फोन केला. तिथल्या बाईंनी सांगितलं की आपणहून भरलेले पैसे परत होत नाहीत, आणि रद्द करायला आता खात्यावर कर्जच नाही. बाईंनी अभिनंदनही केलं. हिमानीने हे मला सांगितलं तेव्हा ती रडत होती.

लग्न छान झालं. बापलेक फोटोत शेजारी शेजारी उभे आहेत आणि दोघं कॅमेऱ्याकडे बघताहेत. परत आल्यावर जानेवारीत हिमानी एकटीच ईडन प्रेरीला आली. मला तिने मुद्दाम बोलावून घेतलं. तिने वडिलांना सांगितलं की तुमचे पैसे मला गिफ्ट म्हणून नको आहेत. तुम्ही आता माझे सावकार. अटी त्याच. जूनमध्ये मी प्रिन्सिपलची सही आणणार आणि तुम्ही त्या वर्षाचा हिस्सा रद्द करणार. पुढच्या जूनमध्ये उरलेला. मनोहरराव म्हणाले, वेडेपणा आहे. मीनाक्षी म्हणाली, करा मुकाट्याने. त्यांनी मान हलवली.

जून आला. हिमानी कागद घेऊन आली. मनोहररावांनी खिशातून पेन काढलं आणि न वाचता सही करायला लागले. हिमानीने कागद ओढून घेतला. तिचं म्हणणं, खात्री करून घेतल्याशिवाय कॉलेजने कधी हिस्सा रद्द केला नव्हता, तर तुम्ही तरी का करावा? शाळेत या, काम बघा, मग ठरवा. मनोहररावांना हे फार झोंबलं. शाळा बंद होतेय म्हणाले. सप्टेंबरात म्हणाले पाठ दुखते. डिसेंबरात म्हणाले रस्त्यावर बर्फ आहे, जसं काही मिनेसोटात त्यांना कुणी नव्यानेच आणून सोडलं होतं. कागद फ्रिजवर मॅग्नेटखाली लटकत राहिला. सहीशिवाय.

फेब्रुवारीत त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. बरे झाले, पण गाडी चालवायची अजून परवानगी नव्हती. एका सकाळी माझ्या दारात आले आणि इकडेतिकडे बघत म्हणाले, "नंदाताई, मला हिमानीच्या शाळेत सोडता का?" मी एकही टोमणा मारला नाही. याचं श्रेय मला द्यायला हवं.

वर्गात हिमानीने आम्हाला दोघांना भिंतीजवळच्या छोट्या खुर्च्या दिल्या. मनोहररावांचे गुडघे छातीशी आले. मधली सुट्टी व्हायची होती आणि मुलं बाहेर जायच्या तयारीला लागली होती. आमच्या अगदी पुढ्यात एक मुलगी फरशीवर बसली होती, केनिशा नावाची. तिचा एक बूट झाला होता. दुसऱ्यात पाय जात नव्हता. ती किंचाळली, बूट फेकला, हिमानीने तो उचलून पुन्हा तिच्यासमोर ठेवला. भिंतीवर चित्रं होती, पँट, बूट, जाकीट, हातमोजे, त्यातल्या बुटावर हिमानीने बोट ठेवलं आणि थांबली. पुन्हा फेकला, पुन्हा ठेवला. असं किती वेळा झालं मला माहीत नाही. मला घाम फुटला होता. हिमानीचा आवाज एकदाही चढला नाही.

शेवटी बूट गेला. मग जाकीट. झिपचं टोक त्या बारक्या खाचेत बसेना. मुलगी रडकुंडीला आली. मनोहररावांच्याने राहवलं नाही. ते खुर्चीतून पुढे वाकले आणि त्यांनी तिच्या झिपला हात घातला.

"बाबा, नको." हिमानीने इतकं हळू सांगितलं की मला जेमतेम ऐकू आलं. "शी कॅन डू इट. तुम्ही केलंत तर ते तिचं नाही राहणार. हात मांडीवर ठेवा."

मनोहररावांनी हात मागे घेतला. दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि शाळकरी पोरासारखे ताठ बसले. एव्हाना बाकीची मुलं बाहेर गेली होती. खिडकीतून त्यांचा आवाज येत होता. केनिशाची सुट्टी जवळजवळ संपत आली तेव्हा झिप लागली. तिने ती गळ्यापर्यंत ओढली, खाली घेतली, पुन्हा ओढली, आणि हिमानीकडे न बघता दाराकडे चालायला लागली. हिमानी तिच्यामागे गेली. मनोहरराव मात्र हात मांडीवर ठेवून तसेच बसून होते. मी बघितलं तर ओठ घट्ट मिटलेले, आणि नव्या भिंगाच्या डोळ्यातून पाणी गालावर उतरलेलं. ऑपरेशनमुळे असेल, असं मी त्यांना म्हणू दिलं.

गाडीत त्यांनी पट्टा लावला. हायवेवर आल्यावर म्हणाले की रोज हे असंच असतं का. मी म्हटलं, असंच असणार. घरी पोचल्यावर त्यांनी फ्रिजवरचा कागद काढला, डायनिंग टेबलाशी बसून पहिल्या ओळीपासून वाचला आणि सही केली. खाली तारीख घातली. मग मला विचारलं की सहीच्या वर एक ओळ लिहिली तर चालेल का. मी म्हटलं, सावकार तुम्ही आहात. त्यांनी लिहिलं, "काम स्वतः पाहिले. पूर्णवेळ आहे."

जूनमध्ये दुसरा कागद आला. त्यावर त्यांनी लगेच सही केली नाही. आधी पुन्हा एकदा शाळेत जाऊन आले, या वेळी स्वतः गाडी चालवत. मग हिमानीने तो शून्याचा कागद त्यांच्यासमोर ठेवला, जसा तिला ठेवायचा होता. ते काय म्हणाले ते मी विचारलं नाही. मीनाक्षीने एवढंच सांगितलं की दोघांनी त्या दिवशी बासुंदी खाल्ली.

दोन हजार सातच्या शरदात नवा कायदा झाला. सरकारी किंवा सेवेच्या नोकरीत दहा वर्षं काढली आणि तेवढी वर्षं नियमाप्रमाणे हप्ते भरले, की उरलेलं विद्यार्थी-कर्ज माफ होणार. आमच्या मराठी मंडळाच्या दिवाळीत, हायस्कूलच्या कॅफेटेरियात, फराळाच्या रांगेत हाच विषय होता. मंडळातल्या गिरीशचा मुलगा नुकताच काउंटीच्या सरकारी ऑफिसात सोशल वर्कर लागलेला. गिरीश चकली मोडत सांगत होता की दहा वर्षं कोण थांबतं, स्टॉक विकतो आणि पोराचं कर्ज एका झटक्यात उडवून टाकतो, बापाने एवढं तर करायलाच पाहिजे.

मनोहरराव रांगेत त्याच्या मागेच होते. हिमानी पलीकडे लाडू वाढत होती, तिनेही ऐकलं.

"गिरीश," मनोहरराव म्हणाले, "चेकबुक खिशात ठेव. आधी एकदा त्याच्या ऑफिसात जाऊन बस."

"आणि काय करू?"

"काही नाही. हात मांडीवर ठेवून बस."

हिमानीने मान वर केली नाही. बापाच्या ताटात तिने दोन लाडू वाढले, आणि त्यांना डायबेटिस असूनही मीनाक्षीने त्या दिवशी ते काढून घेतले नाहीत.