काकांच्या जेवणावळीच्या शंका

सर्व संबंधितांस अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, बुधवारच्या ऑनलाइन जपमाळेचा पुन्हा एकदा चुराडा झाला असून गुन्हेगार सापडला आहे. तो नाचणगावात आपल्या घराच्या मागच्या अंगणात मोबाइल हातात घेऊन फेऱ्या मारतो आहे. त्याचा माइक चालू आहे. बंद करण्याचा त्याचा विचार नाही.

ही घोषणा मी आमच्या गटात इतक्यांदा केली आहे की शेवटी शेवटी लोक माझ्याबरोबर म्हणू लागले होते. गुन्हेगार मात्र दर वेळी तेवढ्याच निरागसपणे विचारायचा, "म्यूटवरची प्रार्थना देवाले ऐकू जाते का जी?"

"देवाला जाते, काका. तुमची आम्हालाही ऐकू येते, तोच प्रॉब्लेम आहे!"

तुम्ही कधी ऑनलाइन जपमाळ ऐकली नसेल, तर तुमचं पुण्य थोर. एकाने 'नमो मरिया' या प्रार्थनेचा पहिला भाग म्हणायचा आणि बाकीच्यांनी मिळून दुसरा. चॅपेलात, म्हणजे आमच्या छोट्या चर्चमध्ये, हे झोपाळ्यासारखं हलत जातं. पण फोनवर पुलगावचे लोक 'आमेन' म्हणून मोकळे होतात तेव्हा सेवाग्राम कुठे अर्ध्यावर असतं, आणि समुद्रपूरचं जोडपं तर मागच्याच नमो मरियाचं उत्तर देत असतं. म्हणून नियम असा केला की एक सांगणारा, एक उत्तर देणारा आणि बाकी सगळे मुके. नियम सगळ्यांनी मानला. काकांनी मानला नाही.

त्यांचं नाव मी सांगणार नाही. सांगितलं तर त्यांच्या घरून मला फोन येईल, आणि तसा फोन मी याआधी दोनदा घेतला आहे. सगळे त्यांना काका म्हणायचे, तुम्हीही म्हणा. एसटीच्या वर्कशॉपमधून मेकॅनिक म्हणून निवृत्त झालेले. सडपातळ, ताठ, आणि पायाला भिंगरी बांधलेली. आम्ही बाकीचे आपापल्या खुर्चीत, मागे बरासा पडदा वगैरे लावून बसलेलो असायचो. काकांच्या चौकटीत मात्र पंखा, मग कडुनिंब, मग वाळत घातलेला टॉवेल, मग शेजाऱ्यांची बकरी, असा सिनेमा चालायचा. मधूनच एक कोपर आणि पाण्याचा तांब्या दिसायचा. ते कोपर काकूंचं. काकूंचा चेहरा आम्ही कधी पाहिला नव्हता, आवाज मात्र ओळखीचा झाला होता: "एका जागी उभे राहा न जी, मले चक्कर येऊन राह्यली."

आमचा गट सुरू झाला लॉकडाउनमध्ये. आमच्या भागात कॅथलिक घरं मुळात थोडी. काही रेल्वेबरोबर आलेली, काही केरळहून दवाखान्यात नोकरीला आलेली, आणि काही माझ्यासारखी, कशी आली हे घरातही कुणाला धड सांगता न येणारी. चॅपेल बंद झालं तेव्हा सेवाग्रामच्या निवृत्त नर्स ग्रेसीताईंनी सगळ्यांना फोनवर गोळा केलं. रविवारी शहरातल्या चर्चची मिस्सा, म्हणजे रविवारची उपासना, एकत्र बघायची आणि बुधवारी जपमाळ झाली की बायबलवर चर्चा करायची. फादर त्यात नसत. "फादर नसले की लोक बोलतात," असं ग्रेसीताईंचं निदान होतं, आणि त्यांची निदानं सहसा चुकत नसत.

लोक बोलत. काका सगळ्यांत जास्त. त्यांची सुरुवात ठरलेली: "एक शंका हाये जी. लहानशीच हाये."

लहानशी शंका ऐकली की मी चहा टाकायला उठायचो.

राजाच्या मुलाच्या लग्नाची गोष्ट घ्या. रस्त्यावरच्या सगळ्यांना जेवायला बोलावतात, आणि एकाच्या अंगावर लग्नाचा पोशाख नाही म्हणून त्याला बाहेर काढतात. समुद्रपूरच्या मास्तरांनी यावर छान तयारी करून आणली होती. पोशाख म्हणजे पश्चात्ताप, पोशाख म्हणजे कृपा. काका तोवर कडुनिंबापर्यंत जाऊन परत आले होते.

"एक शंका हाये जी. लहानशीच. त्या माणसाले आत येऊ कोणं देल्लं? दारातच सांगाचं होतं न! ताटावर बसवून मंग उठवाचं, हे कोणती रीत?"

दुसऱ्या एका बुधवारी एम्माउस गावच्या वाटेची गोष्ट निघाली. मरणातून उठलेला येशू दोन शिष्यांबरोबर चालतो, त्यांना ओळखू येत नाही, आणि घरी बसून त्याने भाकर मोडली तेव्हा ते ओळखतात. काका थांबले. फोन इतका जवळ धरला की आम्हाला एकच डोळा दिसत होता.

"भाकर मोडली तवा ते दोघं आत होते, म्हणून त्याहिले समजलं. समजा एखादा बाहेर ओट्यावर बसला होता. त्याले कसं समजलं असतं?"

"काका, तुम्हाला बायबलमध्ये नुसत्या जेवणावळीच दिसतात," मी म्हणालो. सगळे हसले. माइक बंद होते, म्हणजे नुसते दात दिसले. काकाही हसले आणि पुन्हा चालायला लागले.

रविवारच्या मिस्सेला मात्र हा माणूस वेगळाच असे. घरी बसून मिस्सा बघणाऱ्याला ख्रिस्तप्रसाद, म्हणजे फादर एकेकाला देतात ती पवित्र भाकर, कोण देणार? म्हणून त्या वेळी सगळ्यांनी एक प्रार्थना म्हणायची असते: प्रभू, मला आता तुझा प्रत्यक्ष स्वीकार करता येत नाही, निदान माझ्या अंतःकरणात ये. आम्ही ती जरा खालच्या आवाजात, नाइलाजाने म्हणायचो. काका खणखणीत म्हणायचे. पाठ होती त्यांना, आम्हाला कुणालाही पाठ व्हायच्या कितीतरी आधीपासून. मला वाटलं, वर्कशॉपमध्ये आयुष्य गेलं, आवाजच मोठा असेल.

मग चॅपेल उघडलं. ग्रेसीताईंनी एका बुधवारी जाहीर केलं की आता रविवारची ऑनलाइन मिस्सा बंद, सगळ्यांनी प्रत्यक्ष यायचं. टाळ्यांच्या खुणा उडाल्या. काका अंगणात गर्रकन वळले.

"काऊन बंद? चांगलं चालून राह्यलं न!"

"काका, चॅपेल उघडलंय," ग्रेसीताई म्हणाल्या. "अब तो सामने बैठके मिस्सा मिळणार."

"ज्याले जाचं त्यानं जावं. हे बी राहू द्या."

पुढचे तीन बुधवार हेच. नेटवर्कचं कारण झालं, म्हाताऱ्यांच्या गुडघ्यांचं झालं, उन्हाचंही झालं. शेवटी मी, नेहमीच्या आगाऊपणाने, विचारलं, "काका, तुमच्या घरापासून चॅपेल सायकलवर किती लांब? का बकरी सोडत नाही?"

काका चालायचे थांबले. त्यांच्या मागचा टॉवेलसुद्धा स्थिर दिसला.

"ऑनलाइनमधी सगळे सारखे राह्यते जी," ते म्हणाले. "कोणालेच प्रसाद भेटत नाई. तिथं तुम्ही सगळे उठता. मी गुडघे आवरतो आन तुमाले वाट देतो. तुमच्या सगळ्याहिच्या टाचा ओळखतो मी. लग्नापासून तेच पाहून राह्यलो."

मग आमच्या डोक्यात प्रकाश पडला. काकू बौद्ध, हे आम्हाला ऐकून माहीत होतं. त्यांचं लग्न समुद्रपूरकडच्या एका गावात, विहारात लागलं होतं. बुद्धाच्या आणि बाबासाहेबांच्या फोटोपुढे, पांढऱ्या कपड्यांत. चर्चची परवानगी न घेता असं बाहेर लग्न केलं की ते लग्न चर्च धरत नाही, आणि त्या कॅथलिक माणसाला ख्रिस्तप्रसाद घेता येत नाही. काका दर रविवारी येत, मागच्या बाकावर बसत आणि सगळे रांगेत गेले की बसून राहत. आम्हाला वाटायचं, गुडघे दुखत असतील. ज्या माणसाला आम्ही एका जागी उभं राहा म्हणून ओरडत होतो, त्याचे गुडघे!

"यावर रस्ता आहे, काका," ग्रेसीताई हळूच म्हणाल्या. "फादरना विचारा."

"इचारलं होतं. मागच्या फादरनं सांगतलं, चर्चमधी पुन्हा लगन लावा. परवानगी भेटते म्हणे, तिले धर्म बी बदलाची गरज नाई." काकांचा आवाज पहिल्यांदाच खाली आला. "पन तिले काय सांगू? तिच्या बापानं साऱ्या गावाले जेवू घातलं. माह्या घरचं कोणी आलं नोतं, तरी घातलं. तिले सांगू, की ते लगन नोतंच?"

आता लक्षात घ्या, काकांचा माइक चालू होता. स्पीकरही पूर्ण मोठा होता. आणि बोलता बोलता ते स्वयंपाकघराच्या दारात पोचले होते.

चौकटीत पहिल्यांदा काकूंचा पूर्ण चेहरा आला.

"कोनतं लगन नोतं जी?"

समुद्रपूरचे मास्तर घाईत फोन बंद करायला गेले आणि त्यांचा कॅमेरा छताकडे वळला. मी सभ्यपणे माझा व्हिडिओ बंद केला. स्पीकर मात्र चालूच ठेवला.

काका कसंबसं सगळं बोलले. काकूंनी पूर्ण ऐकून घेतलं. मग फोन स्वतःच्या हातात घेतला.

"मी दुसऱ्यांदा लगन लावनार नाई. एकदा लागलं, चांगलं लागलं." मग सरळ आमच्याकडे बघून, "आन तुमी सारे इतके वर्स, याले तसाच बसवून जेवत होते?"

फोन बंद झाला.

त्यानंतर काका गटात आले नाहीत. मला चैन पडेना. जपमाळ कशी सुरळीत चालू होती! एक सांगतो, एक उत्तर देतो, कुणाचाही आवाज मध्ये येत नाही. अगदी भयंकर होतं ते. काका चिडले असतील का, काकू चिडल्या असतील का, की दोघं आता एकमेकांशीच बोलत नसतील? नाचणगावावरून जाताना मी दोनदा गाडी हळू केली आणि दोनदा पुढे काढली.

ग्रेसीताई माझ्यापेक्षा धीट. त्या नव्या फादरना घेऊन थेट काकांच्या घरी गेल्या. मला ड्रायव्हर म्हणून नेलं, आणि गप्प बसायची अट घातली. काकूंनी चहा दिला आणि समोर उभ्या राहिल्या. फादर म्हणाले, "काकू, पुन्हा लग्न लावायची गरज नाही. दुसरा एक मार्ग आहे. तुम्ही दोघांनी तेव्हा मनापासून होकार दिला होता ना? तो होकार आजही आहे ना? मग बिशप तेच लग्न, मुळापासून, खरं धरू शकतात. समारंभ नाही, काही नाही."

काकूंनी काकांकडे पाहिलं. काका दारात उभे, एक पाय घरात, एक बाहेर.

"म्हनजे आमचं लगन खरं होतं, हे तुमच्या मोठ्या साहेबाले आता समजनार?"

"हो काकू," फादर म्हणाले. "जरा उशीर झाला."

"मंग समजू द्या."

काका आता नाहीत. गेल्या हिवाळ्यात गेले. पण बिशपांचा होकार आल्यानंतरचा तो रविवार मी पाहिला आहे, आणि काकांना आठवायचं म्हटलं की मी तिथेच जाऊन बसतो. काका आदल्या दिवशी कन्फेशनला, म्हणजे फादरपुढे पापं कबूल करायला, जाऊन आले होते. इस्त्रीचा शर्ट, तेल लावलेले केस. शेजारी काकू, पांढरी साडी नेसून, चॅपेलात पहिल्यांदाच आलेल्या. मिस्सा ख्रिस्तप्रसादापर्यंत आली. रांग लागली. ग्रेसीताई गेल्या, मास्तर गेले, मी गेलो, परत येऊन गुडघे टेकले. रांग संपत आली.

काका बाकावरच. दोन्ही हात मांडीवर घट्ट, नजर जमिनीवर. इतक्या वर्षांचं वाट देणं अंगात मुरलेलं. गुडघे तसेच आवरलेले, जणू अजून कुणीतरी समोरून जायचं राहिलं आहे. फादर वेदीपुढे हातातलं पात्र धरून थांबले होते. गाणारे थांबले. आणि काकू चांगल्या मोठ्याने म्हणाल्या,

"जा न जी आता! का तुमच्या वाटचं बी मीच घेऊन येऊ?"