बांधापलीकडचा अंगठा

पासपोर्टसाठी पोलिसांची चौकशी आधार कार्डावरच्या पत्त्यावर होते. माझ्या कार्डावर अजून गावचाच पत्ता आहे. हिंगोलीत एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात मी बरीच वर्षं नोकरी करते, भाड्याच्या खोलीत राहते. पण पत्ता बदलावा असं कधी वाटलं नाही. पुसेगावच्या पुढे आमचं गाव आहे. तिथे आई, भाऊ, वहिनी. पत्ता म्हणजे तेच, असं मी धरून चालले होते.

पोलीस ठाण्यातून फोन आला. शेजारचे दोन साक्षीदार लागतील, त्यांची आधार कार्डं हवीत, आणि ते नात्यातले नकोत. बोलणारा पोलीस सभ्य होता. शेवटी त्याने विचारलं, कुठे जायचंय, सोबत कोण आहे. श्रीलंकेला, पाच दिवस, एकटीच, असं मी सांगितलं. तो म्हणाला, रविवारी गावात येतो, साक्षीदार तयार ठेवा.

नात्यातले नकोत, ही अट कुणी शहरातल्या माणसाने घातली असणार. आमच्या गल्लीत सगळी भावकीच आहे. चुलते, चुलत चुलते, त्यांची मुलं. परकी म्हणावीत अशी घरं चार. त्यातल्या एका घराशी आमचं बोलणं मी प्राथमिक शाळेत असल्यापासून बंद.

घरात आधीच वातावरण वाईट होतं. मी एकटी परदेशात जाणार हे ऐकल्यावर दादाने जेवण अर्धवट सोडलं होतं. त्याला कारण हवं होतं. नोकरीचं काम आहे का, कॉलेज पाठवतंय का, कुणी आहे का तिकडे. यातलं काहीच नव्हतं. मला डोंगरातली रेल्वे आणि चहाचे मळे पाहायचे होते. दादा म्हणाला, चहाचे मळे आपल्या देशात नाहीत का. त्याचं बरोबर होतं. खरं कारण सांगायची मला लाज वाटत होती. आमच्याकडे बाई कुठेही गेली, अगदी लग्नात जेवायला बसली, तरी शेजारची पहिल्यांदा विचारते, ‘कुणाची गं तू?’ पाच दिवस मला हे कुणी विचारू नये, असं वाटत होतं. हे मी दादाला कसं सांगणार? मी त्याचीच तर आहे. बाबा शेतात राबायचे, तेव्हा थंडीत पहाटे मला सायकलवर डबलसीट बसवून तो बसपर्यंत सोडायचा. आमच्या घरात पदवीपर्यंत पोहोचलेली मी पहिली. तो दहावीला नापास झाला आणि पुन्हा परीक्षेला बसला नाही. हे मी एक दिवसही विसरलेले नाही, आणि मी विसरू नये याची तोही काळजी घेतो.

“शिकवलं ते चुकलं,” तो आईला म्हणाला. मी समोरच होते.

रविवारी मी गावात पोहोचले तेव्हा नळावर बातमी आधीच पोहोचलेली होती. बायका भांडी भरत होत्या. एकीने हाक मारून विचारलं, लंकेला चाललीस म्हणं, रावणाकडं काय काम काढलंस. दुसरी घागर डोक्यावर चढवत म्हणाली, “सीतेला पळवून न्यावं लागलं माय. ही आपल्या पायानं चालून राहिली.” सगळ्या हसल्या. मीही हसले असते, पण त्या माझ्याकडे बघून हसत नव्हत्या, एकमेकींकडे बघून हसत होत्या.

परक्या घरांपैकी पहिल्या घरी आधार कार्ड पोरीकडे वाशिमला राहिलं होतं. दुसऱ्या घरचे काका माझ्या बाबांबरोबर भजनाला बसायचे. त्यांनी मला खुर्ची दिली, चहाचं विचारलं आणि सरळ सांगितलं की तुझा भाऊ काल येऊन गेला, आता मी कशी सही करू. तिसऱ्या घराने दारच उघडलं नाही. आत टीव्ही चालू होता.

म्हणजे दादा घरोघर फिरला होता. साक्षीदार मिळाले नाहीत तर चौकशी अडकेल, चौकशी अडकली तर पासपोर्ट नाही, आणि मग भांडायचंही काही उरणार नाही. मला न मारता, न ओरडता त्याने दार लावून घेतलं होतं. त्या गल्लीत उभं राहून मला त्याचा इतका राग आला की डोळ्यांत पाणी आलं.

“सह्या पाहिजेत म्हणं तुला.”

चौथ्या घराच्या ओसरीतून म्हातारी बोलली होती. हे घर आमच्या घराच्या बरोबर समोर आहे आणि त्यांचं शेतही आमच्या शेताला लागून. तिच्या नवऱ्याने नांगरताना बांध आमच्या बाजूला सरकवला, असं बाबांचं म्हणणं होतं. तुझ्या बापानंच आमचं रान खाल्लं, असं त्यांचं म्हणणं. मोजणी झाली, तहसील झालं, एकदा हाणामारीही झाली. दोघेही आता हयात नाहीत. त्या घरचं पाणी आमच्याकडे कुणी पीत नाही. मी शाळेत असताना त्यांच्या सुनेने दिलेली बोरं बाबांनी माझ्या हातातून घेऊन रस्त्यावर टाकली होती.

मी म्हटलं, होय, दोन लागतात.

“मी देते. सून देते. नात्यातले न्हाई, शेजारचे आहोत, कार्डं घरात हायेत.” ती सुपारी कातरत होती. तिने वर पाहिलं नाही. “फक्त इथं बस. ओसरीत. चहा घे.”

मी विचारलं, काकू, काहून करून राहिल्या माझ्यासाठी?

“तुझ्यासाठी कोण करतंय?” आता तिने वर पाहिलं. “तू जा न्हाईतर तिकडंच मर. तुझ्या बापानं माझ्या मालकाला तहसीलात चोरासारखं उभं केलं होतं. आज त्याची लेक माझ्या दारात चहा पिणार, अन् तुझा भाऊ ते पाहणार. मला तेवढंच पाहिजे.”

समोर आमच्या अंगणात दादा बैलाला पाणी दाखवत होता. आमचं बोलणं त्याला ऐकू येत नसेल, पण मी कुठे उभी आहे हे दिसत होतं. त्याने बादली खाली ठेवली.

मी परत फिरू शकले असते. हे घर बाबांना खोटं म्हणत होतं आणि बाबा खोटे नव्हते, असं मी आजही मानते. म्हातारीबद्दल मला तेव्हा काहीही चांगलं वाटलं नाही. ती मला वापरून घेत होती आणि ते तोंडावर सांगत होती. पण बाकीच्यांनीही मला वापरलंच होतं. दादासमोर चांगलं राहायला कुणी आपलं कार्ड वाशिमला असल्याचं सांगितलं होतं, कुणी दार लावलं होतं. निदान ही काय घेणार ते आधी सांगत होती.

मी ओसरीत बसले. सुनेने कप-बशी आणली. “साखर टाक अजून,” म्हातारी म्हणाली, “पाहुणी हाय.” सुनेने माझ्याकडे पाहिलं आणि टाकली. चहा पाकासारखा गोड होता. मी तो शेवटपर्यंत प्याले, कारण अर्धा ठेवला असता तर म्हातारीने तो प्यायला असं धरलं नसतं. दादा तोपर्यंत अंगणातून हलला नाही. बैल पाणी पिऊन कधीच बाजूला झाला होता.

दुपारी पोलीस आला. म्हातारीने अंगठा दिला, सातवीपर्यंत शिकलेल्या सुनेने सही केली. एकाच घरातल्या दोघी कशा, असं त्याने विचारलं. म्हातारी म्हणाली, बाकी गाव मेलंय. त्याने लिहून घेतलं आणि गेला.

घरी गेले तेव्हा आई चुलीपुढे बसली होती. तिने मान वर केली नाही. “तुझ्या बापानं मरेस्तोवर त्या घरचं पाणी तोंडाला लावलं न्हाई,” ती म्हणाली. “मला काहून न्हाई मागितलंस? मी दिला असता अंगठा.”

“नात्यातल्यांचा चालत नाही, आई.”

“पोटच्या लेकराला वळखायला परक्याचा अंगठा लागतो व्हय?”

तिला तेव्हाच जवळ घ्यायला हवं होतं, पण मी रागात होते आणि बस निघायची होती.

पुढच्या आठवड्यात दादा हिंगोलीला माझ्या खोलीवर आला. येतो म्हणून फोन नाही. मोटारसायकलच्या मागे माझी पत्र्याची पेटी बांधलेली. शाळेची पुस्तकं, प्रमाणपत्रं, पदवीच्या वेळी आईने घेतलेली साडी आणि वर माझं जेवायचं ताट, त्यावर माझं नाव कोरलेलं आहे. त्याने दोर सोडला आणि पेटी दारातच उतरवली. मी आत ये म्हटलं, तो आला नाही. मी त्याला सायकलचं, पहाटेचं काहीतरी बोलायला लागले. त्याने हात वर केला.

“ते काढू नको. तुझ्या तोंडून मला ते ऐकायचं न्हाई.”

“पाच दिवसांनी परत येणार आहे दादा. कायमची कुठं चाललेय?”

“तिकडून येशील,” तो म्हणाला. “इकडं कुठं येशील?”

गाडी चालू करताना त्याचा पाय दोनदा घसरला. मग तो गेला. शेजारच्या खोलीतली बाई बाहेर येऊन विचारू लागली, कोण होतं. भाऊ, मी म्हटलं. पेटी एकटीला उचलेना, म्हणून ओढत आत घेतली. फरशीवर ओरखडा पडला. घरमालक बोलेल.

पासपोर्ट त्यानंतर आला. तिकीट दादा शांत झाल्यावर काढायचं, असं मी ठरवलं होतं. पेटी आत आल्यावर वाट कुणाची बघायची? रागातच काढलं. हैदराबादपर्यंत रेल्वे, तिथून विमान. परतीचंही काढलं आहे, ते हिंगोली स्टेशनपर्यंतचं. उतरल्यावर पुसेगावची गाडी धरायची की खोलीवर यायचं, हे मी ठरवलेलं नाही. आईला फोन केला की ती उचलते, जेवलीस का विचारते, आणि पलीकडे दादाचा आवाज आला की ठेवून देते.