फोन वाजला की दिवा जायचा

माझ्या मुलाच्या उजव्या हाताचं मधलं बोट आजही सरळ होत नाही. ते मोखाड्याच्या एका तरुणाने मोडलं, आमच्याच घरात, रविवारी भर दुपारी. कारण काय, तर इंटरनेट मध्येच तुटत होतं.

जव्हारला आमच्या पुढच्या खोलीत मुलाने कॉम्प्युटर टाकले होते. एरवी लोक नोकरीचे अर्ज भरायला यायचे. रविवारी बंदुकांचा खेळ चालायचा. जव्हारचे तरुण आमच्याकडे बसायचे, मोखाड्याचे तिथल्या एका दुकानात, आणि पडद्यावर एकमेकांना मारायचे. रक्त उडायचं, मेलेला माणूस थोड्या वेळाने परत उठायचा. मी जन्मभर कोंबड्या कापल्या, उठलेली एकही बघितली नाही. पण त्यावर घर चालत होतं, म्हणून मी बोलत नव्हते.

खेळ आमच्या कॉम्प्युटरवरून चालायचा. म्हणजे मांडव आमचा, वऱ्हाड दोन्हीकडचं. आमची लाइन गेली की मोखाड्याचाही खेळ संपायचा आणि गुण पुसले जायचे. दिवाळीपर्यंत सगळं बरं होतं. दिवाळीनंतर लाइन जायला लागली. इतर दिवशीही जात असेल, पण अर्ज भरणारा माणूस थांबतो. बंदूक धरलेला थांबत नाही.

मुलाने इंटरनेटचा डबा बंद करून पुन्हा चालू केला. वायर बदलली. डबा तापतो म्हणून त्याच्यासमोर टेबलफॅन लावला. लाइनमन येऊन खांबावर चढला आणि माकडांना शिव्या देऊन उतरला. तरी रविवारी लाइन गेलीच. वाईट हे, की जायची तेव्हा नेमका मोखाडा जिंकत असायचा.

मग त्यांनी बोकडाची पैज लावली. हरेल त्याने बोकड द्यायचा. मोखाडा जिंकायच्या बेतात आला आणि लाइन गेली. मुलगा डबा उघडून बसला तो बसलाच. जीप दारात थांबली तेव्हाही त्याच्या हातात वायर होती. चौघे उतरले. जव्हारची शूर मंडळी मागच्या दाराने पसार झाली.

"हरायला लागला की वायर ओढतोस काय रे?" एकाने विचारलं.

"देवाशपथ, आपोआप जाते."

"मग तुझे दात पण आपोआप पडतील."

त्याने कीबोर्ड उचलून मुलाच्या तोंडावर हाणला. बटणं नागलीच्या दाण्यांसारखी जमिनीवर सांडली. मुलगा पडला. त्याने मुलाचा हात पायाखाली धरला. "याच बोटाने ओढतोस ना?" म्हणाला आणि बोट मागे वाकवलं. त्याचा आवाज मला स्वयंपाकघरात ऐकू आला.

मी उखळात मिरची कुटत होते. मुसळ घेऊन तशीच आले आणि त्याच्या कोपराखाली घातलं. हाड मोडलं. तो गुरासारखा ओरडला. दुसऱ्याने मागून माझे केस धरले. "ए म्हातारे, आज मरशील!" मी मुसळ खांद्यावरून मागे मारलं. त्याचा ओठ फाटला, वर मिरची लागली. तो रडत होता, पण केस सोडत नव्हता. उरलेले दोघे कॉम्प्युटर खाली ओढायला निघाले होते.

तेवढ्यात स्वयंपाकघरातला फोन वाजला. एकदाच, आणि थांबला.

"पोचली," मी म्हटलं. सवयीने तोंडातून गेलं.

पोशेरा माझं माहेर. दिवाळीनंतर तिथली माणसं भिवंडीकडे वीटभट्टीवर जातात. गावात तेव्हा फोन नव्हता, म्हणून ती आमचा नंबर घेऊन जायची. गाडी पोचली की एक रिंग देऊन ठेवायची. दोनदा आली तर समजायचं, काही वाईट झालं. फोन उचलायचा नसतो. मी जीपवाल्याबरोबर पोशेऱ्याला निरोप धाडायची.

मुलगा टेबलाखाली पडला होता, तोंड डब्याकडे. तो तिथूनच ओरडला, "आई, फोन वाजला आणि डब्याचा दिवा गेला!"

कुणाला काही कळेना. मुलगा रक्त थुंकत म्हणाला, "लावा रे कुणीतरी, लावा आमच्या नंबरवर फोन. बघा तुमच्या डोळ्यांनी."

एकाने मोबाइल काढला. मुलाने नंबर सांगितला. दिवा परत आला होता. आत फोन वाजला आणि दिवा गेला. त्याने पुन्हा लावला. पुन्हा गेला. त्याने कॉम्प्युटरवरचा हात काढून घेतला.

केस धरणाऱ्याने मागून विचारलं, "पोचली म्हणजे कोण?"

"पोशेऱ्याची गाडी. सकाळी भट्टीवर गेली ती."

"माझे आईबाप आहेत त्यात."

"मग मला आत्या म्हण. आणि केस सोड."

त्याने सोडले. तो निरोप त्यानेच जीपमधून नेला, फाटक्या ओठाने. हात मोडलेल्याला वाटेत वैदूकडे उतरवलं. मुलाचं बोट आमच्या गल्लीतल्या वैदूने बांधलं. वाकडं बांधलं.

मुलगा म्हणाला, स्वयंपाकघरातला फोन काढून टाकू. मी म्हटलं, फोन हलणार नाही, खेळ बंद कर. फोन आणि इंटरनेट एकाच तारेवरून यायचं, म्हणून लाइनमनने बोटभर लांबीची एक पांढरी डबी आणून फोनच्या वायरीत बसवली. ती पहिल्याच दिवशी लावायची असते, हे त्याने तेव्हा सांगितलं. त्यानंतर फोन कितीही वाजला तरी दिवा गेला नाही.

पुढच्या रविवारी खेळ नीट पार पडला. जव्हार हरलं. बोकड आमच्या परड्यात आणला. त्याचे पाय माझ्या त्या भाच्याने धरले, ओठ अजून सुजलेला. मान मी उतरवली.